आधीचा फोटो

सुतारकामाच्या मास्तरांना त्या ई-पोर्टफोलिओची पहिल्या दिवसापासून शिसारी होती. केलेल्या कामाचे फोटो काढून संगणकावर चढवायचे आणि खाली मनोगत लिहायचं. पोरं त्याकडे ढुंकूनही बघेनात, तेव्हा प्राचार्यबाईंनी फतवा काढला की पोर्टफोलिओ पुरा नसेल तर प्रमाणपत्र नाही. झालं, सगळ्यांचा उत्साह एकदम उतू जायला लागला.

मेख अशी, की प्रत्येक कामाचे दोन फोटो हवेत. आधी फसलेला प्रयत्न, मग सुधारलेला. त्यातून म्हणे प्रगती दिसते. पोरं काही दूधखुळी नव्हती. चांगलं स्टूल करायचं, त्याचा फोटो काढायचा आणि मग त्याचाच पाय तिरका कापून 'आधीचा' फोटो काढायचा, असा सपाटा त्यांनी लावला. चांगल्या लाकडाची ती नासाडी मास्तरांना बघवेना. प्राचार्यबाई मात्र शंभर टक्के सहभाग म्हणून मिरवायला टपल्या होत्या.

एकच मुलगी मागे राहिली होती. तिला सगळे मुंगी म्हणत. तिचं स्टूल पहिल्याच फटक्यात जमलं होतं. मास्तरांनी काटकोन तपासायचा गुण्या सांध्यांना लावून पाहिला आणि तिच्या पाठीवर थाप दिली. ते स्टूल ती आईसाठी घरी नेणार होती. फसलेला प्रयत्न तिच्याकडे नव्हताच, आणि तो रकाना रिकामा ठेवला तर पोर्टफोलिओ पुढे सरकत नव्हता. मास्तर प्राचार्यबाईंशी भांडायला गेले. चूकच झाली नाही तर ती शिकली काय, असं बाईंनी थंडपणे विचारलं.

मास्तर हात हलवत परत आले. मुदत त्याच संध्याकाळी संपत होती आणि फर्निचरच्या कारखान्यातली मुंगीची नोकरी त्या प्रमाणपत्रावर अडली होती. ती हातोडा घेऊन स्टुलासमोर उभी होती.

"सर, माझा हात उठत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच करा ना."

मास्तरांनी हातोडा घेतला. दोन घाव घातले. सांधा इतका पक्का होता, की तिसराही घालावा लागला. त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.

मुंगीने 'आधीचा' फोटो काढला आणि मनोगतात लिहिलं, 'घाई केल्यामुळे माझा सांधा सैल राहिला. या चुकीतून मी खूप शिकले.'

मास्तरांनी ते वाचलं आणि 'मंजूर' दाबलं.