हातावरचं कासव

कापसाची काडी हाताला टेकली तसा अपिसाईने श्वास रोखून धरला. नर्स मकेरेताने ती अंगठ्याच्या मुळाशी गोंदलेल्या वेड्यावाकड्या कासवावरून सावकाश फिरवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग कातडीवर पांढुरका थर चढला आणि हातात आग भडकली.

"शिव्या द्यायच्या असतील तर दे," पंखा जवळ ओढत ती म्हणाली. "तुमच्या पाद्र्याला नाही सांगणार मी. आमचं चर्च वेगळं आहे."

तो हात पंख्याच्या वाऱ्यात धरून बसला.

"हे आम्ल वरची कातडी जाळतं. खपली धरेल, ती उपटायची नाही. असं चार-पाच वेळा करावं लागेल. आणि आपल्या काळ्या कातडीवर फिका डाग राहतो म्हणजे राहतोच. आधीच सांगून ठेवते."

"डाग चालेल. कासव दिसायला नको."

"लोक पोरींची नावं काढायला येतात माझ्याकडे. या बिचाऱ्या कासवाने काय घोडं मारलंय तुझं?"



कासव त्याच्या मित्राने, सेमीने काढलं होतं. दोघे सोळा वर्षांचे असताना, शाळेच्या वसतिगृहात, शिवणाच्या सुईने. अपिसाईने सेमीच्या हातावर काढलं, सेमीने अपिसाईच्या. सेमीला इतकं हसू येत होतं, की कासवाचा एक पाय दुसऱ्याच्या दुप्पट झाला.

मागच्या वर्षी वारा चढलेला दिसत असूनही अपिसाईनेच होडी बाहेर काढली. सेमी नको म्हणत होता, तरी सोबत आला. प्रवाळाच्या खडकावर होडी उलटली. अपिसाई पोहत किनाऱ्याला लागला. सेमीला गावाने आठवडाभर शोधलं. तो मिळाला नाही.

रीतीप्रमाणे अपिसाईच्या घरच्यांनी देवमाशाचा दात पुढे ठेवून माफी मागितली. सेमीच्या चुलत्यांनी तो स्वीकारला आणि विषय संपला. सेमीची आई अकानिसी तर दोष देणारा एक शब्दही कधी बोलली नाही. पण दर रविवारी चर्चबाहेर ती अपिसाईचा हात हातात घ्यायची तेव्हा तिची नजर कासवावर खिळायची आणि ओठ थरथरायला लागायचे. तिच्या जखमेवर आपण दर आठवड्याला मीठ चोळतोय, असं त्याला वाटू लागलं. दोन-तीन रविवार त्याने हात खिशात ठेवून पाहिला. मग मकेरेताच्या दवाखान्यात जायला सुवा शहराची बस धरली.

पाच महिने तो येत-जात राहिला. खपल्या धरल्या, पडल्या. घरी कुणी विचारलं तर म्हणायचा, हात चुलीवर भाजला. रविवारी चर्चमधून अकानिसीला चुकवून निघायचा. शेवटी कासवाच्या जागी नाण्याएवढा फिकट डाग उरला.

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर तो आपणहून अकानिसीसमोर जाऊन उभा राहिला आणि हात पुढे केला. तिने तो घेतला. मग उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दुसरा हातही ओढून पाहिला.

"कुठे आहे?"

"काढून टाकलं, मावशी. तुला बघवत नव्हतं ना ते."

"कोण म्हणालं?"

ती डागावरून अंगठा फिरवत होती.

"सेमीने काढलेलं ना ते? तेव्हा दोन रट्टे दिले होते मी त्याला," ती म्हणाली. "त्याच्या वह्या वादळात वाहून गेल्या. त्याच्या हातचं असं घरात काही उरलं नाही रे. एवढंच होतं."

माणसं त्यांना वळसा घालून जेवायला आपापल्या घरी निघाली होती. कुणीतरी अकानिसीला हाक मारली. तिचं लक्ष नव्हतं.

"मला विचारायचंस तरी," ती म्हणाली.

"मावशी, मी..."

"फार दुखलं का?"

"हो," तो म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा सगळ्यांदेखत त्याला रडू फुटलं.

तिने मान डोलावली. 'असू दे' असं मात्र म्हणाली नाही. हात सोडून तिने बाहीने डोळे पुसले.

"चल जेवायला. अळूचे कंद निवतील."

ती पुढे चालू लागली. फाटकापाशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. तो जागचा हलला नव्हता. मग ती तिथेच थांबून राहिली.