काळी पाठ कुणाची?

मल्हारीदादा नोकरीतून निवृत्त झाले त्याला तीन वर्षं उलटली, पण त्यांच्या तोंडाला निवृत्तीचं पत्र अजून कुणी दिलेलं नव्हतं.

चौतीस वर्षं त्यांनी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली होती. फटफटीवर खेडोपाडी हिंडून हजारो शेळ्यामेंढ्यांना लसी टोचल्या, अडलेल्या म्हशी सोडवल्या. माणसं त्यांना डॉक्टरसायेब म्हणत. आपण डॉक्टर आहोत असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. नाही असंही कधी सांगितलं नाही. या सगळ्या काळात त्यांच्या डोक्यात जनावरांविषयीच्या गोष्टी साठत गेल्या, आणि आता त्या ऐकायला जनावरंही उरली नव्हती. शिरड शहापूरच्या घरात दोघंच राहत, ते आणि सत्यभामाबाई. त्यामुळे सकाळची पहिली गोष्ट बाईंच्या वाट्याला येई.

"सत्यभामा, तुला ठावूक हाय का? घोड्याला उलटी करता येत न्हाई."

"बरंच हाय की," बाई भाकरी थापता थापता म्हणत. "पुसायची तकलीफ न्हाई."

दुसरी गोष्ट शिवहारच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक शेगडी. तिथं बसून मल्हारीदादा येणाऱ्याजाणाऱ्याला अडवू लागले, तसं गिऱ्हाइक रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागलं. मग शिवहारनं हात जोडून नियम केला, "डॉक्टरसायेब, एका चहाला एकच गोष्ट. दुसरी सांगायची आसंल तर दुसरा चहा." मल्हारीदादांना नियम पसंत पडला. काही दिवशी ते पाच पाच चहा पिऊन घरी येत आणि दुपारी छाती चोळत बसत.

उरलेल्या गोष्टी प्रभूच्या कानात जात. प्रभू पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेला, आयुष्यभर कालव्याच्या कडेनं चाललेला शांत माणूस. त्याचा डावा कान अधू होता. मल्हारीदादा कुठंही बसले की प्रभू हळूच सरकून त्यांना आपल्या डाव्या हाताला घेई. दोघांच्या दोस्तीचं गुपित तेवढंच होतं.

थंडीतल्या एका बाजाराच्या दिवशी दोघं एसटीनं जवळा बाजारला निघाले. सत्यभामाबाईंनी दारातच बजावलं, "मेथीच्या चार जुड्या आणा, लसूण आणा. आन् जनावराच्या बाजारात पाय टाकू नका. मागच्या टायमाला कोणाच्या म्हशीचं वय सांगून बसलात आन् त्या बिचाऱ्याचा सौदा मोडला."

"मी खरं तेच सांगितलं."

"तुमाला कोनं इचारलं व्हतं?"

मल्हारीदादांनी टोपी नीट केली आणि ते निघाले.

बाजारात त्यांनी अगदी शहाण्यासारखी मेथी घेतली, लसूण घेतला, प्रभूला गरम भजी खाऊ घातली. परतीच्या एसटीला तासभर अवकाश होता. "उगं उन्हात उभं राहू," असं म्हणत ते चालू लागले आणि पाय आपोआप शेळ्यांच्या बाजाराकडं वळले. प्रभूच्या ते ध्यानात आलं, पण तोही मागोमाग चालू लागला. त्यालाही भजी जिरवायची होती.

तिथं कडुनिंबाखाली माणसांचं कोंडाळं पडलं होतं. मधोमध साठीची एक बाई, कमरेला पदर खोचलेला, हातात काठी. ती मंजुळाबाई. तिचा मेंढरांचा कळप मोठा होता आणि आज ती सातआठ शेळ्या विकायला घेऊन आली होती. तिच्यासमोर जळबा नावाचा एक शेतकरी हातात रिकामं दावं घेऊन उभा होता. दोघांच्या मधे एक काळी पाठ. पाठ म्हणजे अजून न व्यायलेली तरणी शेळी. कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिकला.

"माझी पाठ हितं झाडाला बांधली व्हती," जळबा सांगत होता. "च्या पिऊन येऊन पाहतो तं दावं रिकामं. आन् पाठ हिच्या शेळ्यायत उभी!"

"ती माझ्या शेळ्यायत उभी हाय कारन ती माझी हाय," मंजुळाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"माझीच्या कपाळावर आसाच टिकला हाय!"

"आसंल. देवानं एकच टिकला थोडाच केलाय?"

कोणी म्हणे बाईची, कोणी म्हणे बुवाची. कुणीतरी कानातला बिल्ला पाहिला, तर पाठीच्या दोन्ही कानांत काहीच नव्हतं. तेवढ्यात गर्दीतल्या एकाची नजर मल्हारीदादांवर गेली.

"अरे, डॉक्टरसायेब हायेत की! यायलाच इचारा!"

माणसं बाजूला झाली, वाट झाली. तीन वर्षांत मल्हारीदादांसाठी कुणी वाट केली नव्हती. सत्यभामाबाईंचे शब्द त्यांना आठवले, नाही असं नाही. पण आज कुणीतरी विचारलं होतं! त्यांनी मेथीची पिशवी प्रभूच्या हातात दिली आणि ते पुढं झाले.

आधी त्यांनी पाठीचं तोंड उघडलं. सगळे पुढं वाकले.

"दुधाचे दात हायेत. वरच्या बाजूला पुढचे दात न्हाईत."

"पाडले का कोनी?" एका पोरसवदा गिऱ्हाइकानं घाबरून विचारलं.

"कोन्याच शेळीला नसतात," मल्हारीदादा म्हणाले, आणि त्यांच्या सर्वांगाला गोड वाटलं.

मग त्यांनी सांगितलं की जनावराच्या नाकाडावरच्या रेषा माणसाच्या बोटाच्या ठशासारख्या असतात, एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. लोकांनी माना डोलावल्या. "मंग ठसा घेतलाय का कोनी?" जळबानं विचारलं. ठसा कुणी घेतला नव्हता. मग त्यांनी आपल्या पोतडीतली सगळ्यात भारी गोष्ट बाहेर काढली.

"शेळी आपल्या लेकराचा आवाज वरीसभर इसरत न्हाई. मोठमोठ्या लोकांनी तपासून पाह्यलंय. बाई, हिची माय हितं हाय का?"

"हाय की. ती काय, कबरी."

"जळबा, तुमच्या पाठीची माय?"

"घरी हाय."

"काही हरकत न्हाई. कबरीला सोडा. पाठ वरडली की ती येऊन हुंगंल. हुंगलं तर पाठ मंजुळाबाईची. मंजूर?"

मंजुळाबाईच्या कपाळाला आठी पडली. "सायेब, तसं नका करू," ती म्हणाली. पण लोक "मंजूर! मंजूर!" म्हणून ओरडत होते आणि मल्हारीदादांना तिचं बोलणं ऐकू आलं नाही. खरं म्हणजे ऐकू आलं होतं.

कबरीला सोडलं. पाठ ओरडली. कबरीनं मान वर केली, कान टवकारले, तुरुतुरु चालत आली. सगळा बाजार श्वास रोखून पाहत होता. कबरीनं पाठीला हुंगलं, दोन पावलं मागं सरली आणि शिंगं खाली घालून अशी धडक दिली की पाठ जळबाच्या पायात जाऊन पडली.

"झालं!" जळबा ओरडला. "मायच नको म्हनते! माझीच हाय!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. "डॉक्टरसायेबानं दूध का दूध केलं!" कुणीतरी म्हणालं. जळबानं दावं पाठीच्या गळ्यात अडकवलंसुद्धा.

मल्हारीदादांचा चेहरा उतरला. त्यांनी मंजुळाबाईकडं पाहिलं. ती रडत नव्हती, भांडत नव्हती, नुसती त्यांच्याकडं बघत होती. आणि ते बघणं त्यांच्याच्यानं सोसवेना. आपण पुस्तकात वाचलेली गोष्ट खरी होती, पण ती इथं उलटी कशी पडली?

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तिनं मारलं काहून?"

"दोन म्हैने झाले दूध तोडून," मंजुळाबाई म्हणाली. "जवळ आली की थानाला लागंल म्हून मारती. तुमी इचारलं आसतं तं सांगितलं आसतं."

मल्हारीदादांना कान लाल झाल्यासारखे वाटले. दूध तोडलेल्या करडाला आई मारते, हे त्यांनी चौतीस वर्षं गोठ्यागोठ्यात पाहिलं होतं. बोलायच्या भरात नेमकं तेच विसरले. क्षणभर वाटलं, आता गुपचूप एसटी गाठावी. माणसं तर त्यांचं कौतुकच करत होती. पण ते जळबाकडं वळले.

"थांबा!" ते मोठ्यानं म्हणाले. "जळबा, दावं काढा. मी चुकलो."

प्रभूनं बरा कान पुढं केला. एवढ्या वर्षांत मल्हारीच्या तोंडून हा शब्द त्यानं ऐकला नव्हता आणि तो चुकवायचा नव्हता.

"माझी परीक्षा खोटी व्हती. दूध तोडलेली माय मारनारच. आता मंजुळाबाईला इचारू. बाई, तुमी सांगा, कसं वळखायचं?"

मंजुळाबाईनं काठी काखेत धरली. "काई आवघड न्हाई. पाठीला मोकळी सोडा. ह्या दादानं आपली हाक द्यावी आन् चालू लागावं. मंग मी. फकस्त कोनी मागं वळून पाहायचं न्हाई."

"मागं काहून पाहायचं न्हाई?" मल्हारीदादांनी विचारलं.

"पाह्यलं की जनावराला वाटतं ह्याचाच भरवसा न्हाई. मंग ते थांबतं."

ही गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती. मल्हारीदादांनी ती मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिली.

जळबानं "ये, ये, काळे ये!" करत चार पावलं टाकली आणि पाचव्याला वळून पाहिलं. पाठ जागची हलली नव्हती. ती प्रभूच्या हातातल्या पिशवीकडं बघत होती. बघता बघता तिनं मेथीची एक जुडी ओढून काढली. प्रभू ते तोंड उघडून पाहत राहिला. सगळे हसले. जळबाही हसला, पण कसनुसं.

मग मंजुळाबाईनं जिभेनं "ट्रर्र, हुर्रर्र" असा काहीतरी आवाज काढला आणि ती चालू लागली. सरळ, एसटीच्या रस्त्याकडं, जणू बाजाराशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. आधी कबरी निघाली. मग बाकीच्या शेळ्या. काळी पाठ तोंडातली मेथी चावत क्षणभर उभी राहिली, आणि मग शेपटी उडवत पळत सुटली ती थेट मंजुळाबाईच्या पायाशी. बाईनं तरीही मागं पाहिलं नाही. पाठ येणार हे तिला ठाऊकच होतं.

"मंग माझी कुठं गेली?" जळबाचा आवाज रडकुंडीला आला.

त्याचं उत्तर भाजीच्या ओळीतून आलं. संगिता नावाची भाजीवाली एका काळ्या पाठीला कान धरून ओढत आणत होती. कपाळावर पांढरा टिकला, तोंडात कोथिंबीर.

"कोनाची हाय ही अवदसा? माझा निम्मा ढीग खाल्ला!"

जळबा धावला. त्यानं पाठीला मिठी मारली, संगिताची बोलणी खाल्ली, ढीगभर कोथिंबीर विकत घेतली आणि मग टोपी काढून मंजुळाबाईसमोर उभा राहिला. "चुकलो, मावशे."

"तुझीबी काळीच, माझीबी काळीच," ती म्हणाली. "चुकनारच मानूस. आता दावं नीट बांध."

दोन्ही पाठी शेजारी उभ्या केल्या तेव्हा मल्हारीदादांनाही फरक सांगता येईना. त्यांनी मंजुळाबाईला चहा पाजला. चहा पिताना त्यांनी एकही गोष्ट सांगितली नाही. नुसते विचारत राहिले. मेंढरू हरवलं तर कसं हुडकता? पाऊस येणार हे कळपाला आधी कळतं का? बाईनं जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, आणि ठाऊक नव्हतं तिथं "ते काई मला म्हाईत न्हाई" म्हणून चहाचा घोट घेतला. एवढ्या सोप्या रीतीनं हे वाक्य म्हणता येतं याचं मल्हारीदादांना नवल वाटलं.

उठताना ती म्हणाली, "आमची मेंढरं शिवशंकर पाटलाच्या वावरात खतासाठी बसलीत अजून पंधरा दिवस. घरच्या बाईला घेऊन या. एक मेंढी लंगडून राह्यली, तिचा खूर पाहा."

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, "मी चुकलो" यासकट. सत्यभामाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेवटी त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात दोघं त्या वावरात गेले, प्रभूही आला. सोयाबीन निघून गेलेल्या रानात तीनशे मेंढरं पसरली होती. सत्यभामाबाईंनी आदल्या दिवशी जन्मलेलं कोकरू मांडीवर घेतलं आणि त्या मंजुळाबाईशी अशा बोलत बसल्या, जशा दोघी एकाच माहेरच्या. मल्हारीदादांनी बाह्या सरसावून मेंढीचा वाढलेला खूर कापला, आतला काटा काढला, औषध लावलं. हात अजून थरथरत नव्हते. मेंढी चारही पाय टेकून चालत गेली तेव्हा मंजुळाबाई म्हणाली, "हे मातर आमाला जमत न्हाई, सायेब." त्या एका वाक्यावर त्यांचा आठवडा गेला असता.

मग त्यांनी ती हाक शिकायला घेतली. मंजुळाबाईनं जीभ कुठं टेकवायची ते दाखवलं. पाच-सहा वेळा नुसती थुंकी उडाली. शेवटी कसाबसा आवाज निघाला. मल्हारीदादा उठले, काठी काखेत धरली, "ट्रर्र, हुर्रर्र" केलं आणि ऐटीत बांधाकडं चालू लागले. मागं वळायचं नाही हे पक्कं ठरवून ते पार बांधापर्यंत गेले. पाठीमागं पावलं वाजत होती. त्यांची छाती फुगली.

बांधावर चढून त्यांनी पाहिलं. मेंढरं होती तिथंच चरत होती. मागं आला होता प्रभू.

"तू काहून आलास?"

"हाक कोनत्या कानानं ऐकली ते कळलं न्हाई," प्रभू म्हणाला, "पन पाय निघाले गड्या."

दोघं बांधावर बसून खूप वेळ हसत राहिले. खाली मेंढरं आपल्या नादात चरत होती.