ताईची वॉरंटीतली गाडी

ताईने गाडी घेतली ती आईसाठी. निदान चारचौघांत ती तसंच सांगायची. खरं कारण धाकटी होती, पण ते ताई स्वतःशीसुद्धा कबूल करत नसे.

झालं होतं असं, की आईचे गुडघे पार गेले होते. तिसऱ्या मजल्यावरचं घर, अरुंद जिना, लिफ्टचं नाव नाही. थंडी पडायच्या आत ते घर सोडायचं आणि दोघी लेकींपैकी एकीकडे कायमचं राहायला जायचं, हे आईने आपणहून ठरवलं होतं. कोणाकडे, ते मात्र सांगेना. विचारलं की "बघू" म्हणायची. त्या एका 'बघू'ने ताईची झोप उडवली होती. तिने खोली तयार करून ठेवली होती. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला होता, आईचे पाय टेकतील एवढ्याच उंचीचा पलंग आणला होता, पडदेसुद्धा आईच्या आवडीच्या रंगाचे शिवून घेतले होते. धाकटीकडे काय होतं? फुलांच्या दुकानामागे दोन खोल्या, त्यातल्या एकीत बादल्या आणि रिकामी खोकी. कोणीही शहाणा माणूस सांगेल आईने कुठे राहावं ते. पण धाकटीच्या गाडीचा हॉर्न खाली वाजला, की आई तो तीन मजल्यांचा जिना अशी उतरायची की गुडघे दुखतात ते फक्त ताईलाच सांगायला, असं वाटावं. हेच ताईच्या डोळ्यांत खुपायचं.

आणि गाडी तरी कसली! फुलं पोचवायला धाकटीने जुनी गाडी घेतली होती, ती तिच्याआधी कितीजणांनी पिटाळली होती देव जाणे. मागचं दार आतून उघडायचं नाही. काच अर्ध्यात अडकायची. सीटवर ओला पाला, पाकळ्या, दोऱ्यांचे गुंते. जरा चढ आला की इंजिन तापायचं. मग धाकटी गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडून ठेवायची, आणि ते थंड होईस्तोवर मायलेकी जिथे असतील तिथे बसकण मारायच्या. कधी पुलाच्या कठड्याशी, कधी कोणाच्या बागेच्या भिंतीवर. आईला दर आठवड्याला गुडघ्यांच्या व्यायामासाठी न्यावं लागे, ते काम या गाडीकडे होतं. आणि संध्याकाळी ताईला फोन यायचा, "अगं, आज काय गंमत झाली माहीत आहे का?"

एकदा तर भर रस्त्यात सायलेन्सर गळून पडला. धाकटीने तो गार होऊ दिला, फुलं बांधायच्या कागदात छान गुंडाळला आणि दिला आईच्या मांडीवर. आई तो बाळ घेतल्यासारखा धरून घरापर्यंत आली. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईने वाकून पाहिलं म्हणे, तर आई म्हणाली, झोपलाय. हे फोनवर सांगताना आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ताई म्हणाली, "लागलं नाही ना कुठे?" फोन ठेवला आणि त्या दिवशी नवऱ्याला जेवायला वाढताना भांडी आपटली. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

तर अशी ताईच्या गाडीची गोष्ट सुरू झाली. नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेलीच, पण निवडून पारखून घेतलेली. विक्रेत्याने कागद पुढे सरकवला, "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. कुठेही बंद पडू दे, आमचा माणूस हजर होणार."

नवऱ्याने कागद उलटून मागची बारीक अक्षरं वाचली. त्याला ती खोडच होती. "यात क्लच नाही, ब्रेक नाही, बॅटरी नाही, टायर नाही. मग आहे काय, हॉर्न?"

"इंजिन आणि गिअरबॉक्स," विक्रेता न चिडता म्हणाला. "फक्त सर्व्हिसिंग आमच्याच वर्कशॉपमध्ये. आणि बिघाड झाला तर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. लावला की वॉरंटी रद्द."

नवरा ताईला बाजूला घेऊन म्हणाला, "तेवढे पैसे बँकेत बाजूला टाक. बिघडली तर त्यातून दुरुस्त करू, नाही बिघडली तर आपलेच आहेत. यांना कशाला द्यायचे?"

हिशोब बरोबर होता. पण ताई हिशोब करायला तिथे आलीच नव्हती. आई आपल्या गाडीत बसलीय, आणि धाकटीची गाडी कुठेतरी वाफा सोडत उभी आहे, एवढंच तिला दिसत होतं. तिने सही ठोकली. त्याच संध्याकाळी धाकटीला फोन करून, सहज म्हणून, वॉरंटीचं सांगितलंसुद्धा.

"अरे वा," धाकटी म्हणाली. "माझ्या गाडीला ती द्यायची म्हटली तर कंपनी बुडेल बाई."

आणि मागे आईचं हसू ऐकू आलं. म्हणजे आई तिथेच होती.

व्यायामाला न्यायचं काम ताईने आपल्याकडे घेतलं. गाडी सुरेख चालली. नको तितकी सुरेख. ताई एक्स-रे काढायच्या खोलीत काम करायची. दिवसभर माणसांना सांगायचं, इथे उभे राहा, हनुवटी वर, श्वास रोखा, हलू नका. ते तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की गाडीतही तोच सूर लागायचा. "आई, पट्टा. आई, पाय आत घे. आई, काच वर." आई मांडीवर पर्स घेऊन, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघावी तशी बसायची. उतरताना म्हणायची, "छान चालते हो गाडी." शेजारणीला म्हणावं तसं. संध्याकाळी कोणाला फोन करून सांगावं असं त्यात काही नसायचं, आणि आई करतही नसे. धाकटीकडे मात्र ती मधल्या दिवशी जायचीच.

मग ताईला भलताच नाद लागला. गाडी चालवताना ती इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकायला लागली. कुठे खरखर येते का, कुठे धक्का बसतो का. येत नसे. तिला वाईट वाटे. सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, पण ताईला त्या मोडक्या गाडीचा हेवा वाटत होता, तिच्या तापण्याचा, गळण्याचा, रस्त्यात बसण्याचा. आपलीही एकदा बंद पडावी. आपणही भिंतीवर बसावं. आईने धाकटीला फोन करून सांगावं, आज ताईबरोबर काय गंमत झाली.

"लोक वॉरंटी घेऊन देवाला म्हणतात गाडी नीट चालू दे," नवरा म्हणाला. "तू उलटंच मागतेस."

ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने पेपरात शिरला.

आणि एका दुपारी झालं. व्यायाम संपला होता, ऊन कोवळं होतं, आई आपणहून म्हणाली, "जरा लांबून जाऊ या का घरी?" ताईला आकाश ठेंगणं झालं. शहराबाहेरच्या रस्त्याला गोदामांची रांग लागते, तिथे गिअर बदलताना खालून कड असा आवाज आला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी काही पुढे सरकेना. ताईने ती कशीबशी कडेला घेतली. समोर बुटकी भिंत होती, सावली होती, पलीकडे एक माणूस हातगाडीवर कॉफी विकत होता. मागून घेतलं असतं तरी इतकं मनासारखं मिळालं नसतं.

"बंद पडली?" आईने विचारलं. तिच्या आवाजात उत्साह होता, अगदी स्पष्ट.

"पडली," ताई म्हणाली आणि तिला हसू आलं. मग जन्माची सवय नडली. पर्समधून फोन काढला आणि वॉरंटीवाल्यांचा नंबर लावला.

आधी संगीत लागलं. मग एका मुलीने गाडीचा नंबर विचारला, मग चेसिसचा नंबर विचारला, तो कुठे असतो ते सांगितलं, आणि म्हणाली, "मॅडम, गाडीपाशीच थांबा. कोणालाही हात लावू देऊ नका. आमचा माणूस येऊन फोटो काढेपर्यंत गाडी हलवूही नका. लाइनवर राहा." पुन्हा संगीत.

"चल, कॉफी घेऊ," आई म्हणाली.

"थांब ग, लाइनवर आहे मी."

"अगं तो बघ, तो माणूस आरसा घेऊन चाललाय डोक्यावर. सगळं आभाळ घेऊन चाललाय."

"हं," ताई म्हणाली. तिने पाहिलं नाही. ती वाकून चेसिसचा नंबर शोधत होती.

एक ट्रकवाला थांबला. भला माणूस, हातातला फडका झटकत म्हणाला, "बघू का ताई काय झालंय?" ताई इतक्या जोरात "हात लावू नका" म्हणाली, की त्याने दोन्ही हात वर केले आणि मागे सरकला. आईनेच त्याची माफी मागितली. मग ती भिंतीकडे निघाली, तर ताईने फोनवर हात ठेवून सांगितलं, "आई, हलू नकोस. गाडीत बसून राहा. गुडघे."

आई बसून राहिली. बराच वेळ बसली. मग तिने आपल्या पर्समधून आपला फोन काढला. ताईच्या कानात तेच संगीत फिरून फिरून वाजत होतं आणि काचेतून तिला दिसत होतं, आई फोनवर कोणाशी तरी बोलतेय आणि खांदे हलवत हसतेय. कोणाशी, हे विचारायची गरज नव्हती. ताईच्या पोटात अक्षरशः दुखायला लागलं.

धाकटी आली ती धुरळा उडवत. पलीकडच्या हातगाडीवरून तिने तिघींना कॉफी आणली, आईला हात देऊन उतरवलं, भिंतीवर बसवलं, आणि बाह्या सरसावून ताईच्या बॉनेटकडे वळली. "बघू तरी."

"खबरदार," ताई म्हणाली.

"बरं बाई. वॉरंटी तुझी, गाडी तुझी." धाकटीने हात खिशात घातले. "मग कुलूप लाव आणि चल आमच्याबरोबर. तो माणूस येईल तेव्हा येईल. आरशावाला गेला त्या बाजूला जाऊ, आई म्हणते तो आभाळ कुठे नेतोय ते बघायचंय."

ताईला जायचं होतं. फार जायचं होतं. पण गाडीपाशीच थांबा म्हणून सांगितलं होतं, आणि आपण ती सोडून गेलो आणि वॉरंटी रद्द झाली, तर धाकटीपुढे जन्मभर मान खाली. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली.

आई धाकटीच्या गाडीत बसली. फुलांचा एक गठ्ठा सरकवून तिने जागा करून घेतली. मग अर्ध्यात अडकलेल्या काचेतून हात काढून ताईचं मनगट धरलं.

"ताई, मी ठरवलंय बरं का. तुझ्याकडेच येते राहायला."

ताई हरखली. तिने पहिलं काय केलं असेल, तर धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. धाकटीच्या तोंडावर काहीच नव्हतं. ती किल्ली शोधत होती.

"या वयात कुठे धडपडले, रात्री काही दुखलं खुपलं, तर तुझ्याकडे सगळी सोय आहे," आई म्हणाली. "तू वेळच्या वेळी सगळं करशील, मला माहीत आहे. हिच्याकडे काय, ही स्वतःचंच विसरते. काळजी नको आता मला कसली. आणि रमायला जाईन की हिच्याकडे दिवसभर."

"रोज येईन न्यायला," धाकटी म्हणाली. "ताई, तू कामावर गेलीस की."

"चालेल ना ग?" आईने विचारलं.

"चालेल की," ताई म्हणाली. दुसरं काय म्हणणार. पलंग, दांडा, पडदे, सगळं तिनेच तर मांडून ठेवलं होतं, आणि आईने ते पाहून पसंत केलं होतं. हवं होतं ते मिळालं होतं. आईला तिच्याकडे सोय हवी होती आणि धाकटीकडे धाकटी हवी होती. जिंकलेल्या माणसाने जळू नये म्हणतात, पण ताई आयुष्यात कधी जळली नव्हती अशी त्या रस्त्यात उभ्या उभ्या जळली.

धाकटीने किल्ली फिरवली. गाडीने नुसती टकटक केली. पुन्हा फिरवली, पुन्हा टकटक. आत दोघी एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या.

"ताई, जरा ढकलतेस का ग?"

ताईने फोन कमरेला खोचला, मागे गेली आणि दोन्ही तळहात गाडीला लावून रेटा दिला. पुढे जरासा उतार होता. गाडी हलली, ताई तिच्यामागे धावली, गाडीला आचका बसला, ती खोकली आणि सुरू झाली. मागच्या काचेतून तिला आईचं डोकं दिसत होतं, हसून हसून पुढे वाकलेलं. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. हाताला धूळ होती, पाकळ्या चिकटल्या होत्या.

कमरेला आवाज आला. संगीत थांबलं होतं. तिने फोन कानाला लावला.

"मॅडम, आमचा माणूस निघालाय," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही आहात ना तिथेच?"

"आहे," ताई म्हणाली. "मी कुठे जाणार?"