बिशपपुढे हरायचं कसं

बिशप घरात आला तेव्हा अ‍ॅल्बी रॅफर्टीच्या दोन तळहातांत मावत होता. रस्त्यावर गाडीखाली मेलेली कांगारू दिसली की थांबून तिच्या पिशवीत हात घालून बघायचं, ही ऑस्ट्रेलियातल्या कनामुला गावाकडची रीत. न बघता पुढे जाणाऱ्याला तिथे कुणी माणसात धरत नाही. अ‍ॅल्बीने बघितलं आणि पिल्लू कोटात घालून घरी आणलं. नोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते उशीच्या अभ्र्यात ठेवून स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला टांगलं. अभ्र्यातून डोकं काढून ते असं बघायचं, जणू सगळ्यांना आशीर्वाद द्यायलाच आलंय. म्हणून नाव पडलं बिशप.

"मी मेंढ्यांचा माणूस, कांगारूंचा नव्हे," असं अ‍ॅल्बी बजावायचा आणि दुधाची बाटली नोरीनच्या हातातून ओढून घ्यायचा.

चूक केली तीही त्यानेच. तरुणपणी अ‍ॅल्बी जत्रेतल्या तंबूत बॉक्सिंग करायचा. गावोगावचे दांडगे मंचावर चढत आणि नाक धरून उतरत. आपण कधीच हरलो नाही, असं तो सांगतो. नोरीन नुसती हसते. तर या गड्याने गुडघ्याएवढ्या बिशपला ठोसे शिकवले! मित्र आले की अंगणात सामना, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी. पण नर कांगारूला थट्टा कळत नाही. अडीच वर्षांत बिशप अ‍ॅल्बीच्या खांद्याला लागला, आणि एका सकाळी शेपटीवर तोल सावरून त्याने अशी लाथ घातली की अ‍ॅल्बीच्या दोन बरगड्या मोडल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करणार कुणाकडे?

अनाथ पिल्लं मोठी झाली की त्यांना रानात सोडण्याचं काम जोसलिन बघायची. तिने बिशपला पाहिलं आणि मान हलवली.

"हा माणसावर धावतोय. कळपात सोडला तर उद्या कुणाच्या पोराला फाडेल. शनिवारी परत येते. तोवर निवळला नाही, तर सुई देऊन कायमचं झोपवावं लागेल."

"माझ्या पोराला सुई?" अ‍ॅल्बी ओरडला आणि बरगड्या धरून मटकन बसला.

"तुम्ही स्वतःला त्याच्या बरोबरीचा नर करून ठेवलंय, अ‍ॅल्बी. आता हरा. तो ताठ उभा राहिला की वाकायचं, नजर खाली आणि हळूच खोकायचं. त्यांच्यात त्याचा अर्थ, 'जिंकलास बाबा.'"

"मी? ह्याच्यापुढे?"

"मग काय मी?" नोरीन म्हणाली.

सोमवार गेला, बुधवार गेला. बिशप उभा राहिला की अ‍ॅल्बीच्या मुठी वर जात आणि नोरीनला झाडू घेऊन मध्ये पडावं लागे.

"हात आपोआप उठतात गं."

"मान वाकवलीस म्हणून मोडणार नाहीये. लग्नात वाकवली होतीस की!"

"तेव्हा बरगड्या शाबूत होत्या."

"अ‍ॅल्बी, उद्या शनिवार आहे," ती म्हणाली. तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

अ‍ॅल्बी अंगणात गेला. बिशप छाती खाजवत उंच झाला. अडला हरी गाढवाचे पाय धरी, इथे तर कांगारूचे. अ‍ॅल्बी वाकला. बरगड्यांतून कळ निघाली. जमिनीकडे बघत तो खोकला. पुन्हा खोकला. डोक्यावर बिशपचा श्वास लागत होता. बिशपने त्याचा कान हुंगला, मग पुढचे पाय खाली टेकले आणि गवत खायला लागला. अ‍ॅल्बी तसाच वाकून रडत राहिला. जन्मात त्याला कशाचा इतका आनंद झाला नव्हता.

शनिवारी जोसलिनच्या देखत तो बिशपपुढे पुन्हा हरला. तिने बिशपला गाडीत घातलं. रानाच्या कुंपणाशी फाटक उघडलं, तेव्हा पलीकडे बाभळींखाली कळप चरत होता. बिशप अ‍ॅल्बीच्या शेजारून गेला. पूर्वी त्याला बघताच उभा राहायचा. आज वळूनही पाहिलं नाही. हरलेल्याकडे कोण बघतो?

फक्त एकदा मुठी वळल्या असत्या, तर तो धावत परत आला असता. अ‍ॅल्बीला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात खोल खुपसले आणि बिशप दिसेनासा होईपर्यंत बाहेर काढले नाहीत.