टँकरच्या दिवशीचं वजन

संस्थेच्या वजनकाट्यावर माझा पूर्ण विश्वास होता, कारण तो मीच तपासत असे. दर आठवड्याला पाच किलोचं प्रमाणित वजन ठेवून आकडा बघायचा, मगच मुलांना चढवायचं.

संस्था म्हणजे शाळेमागच्या दोन खोल्या, स्वयंपाकीण मावशी, मी आणि अध्यक्ष. पावसाविना चौथं वर्ष चाललं होतं. आईबाप कामासाठी परमुलखात गेलेली, वयाच्या मानाने वजन कमी असलेली मुलं आमच्याकडे शाळा सुटल्यावर जेवत. वजन वयानुसार ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की ते ताट बंद, आठवड्याचं वजन मात्र चालूच.

पूर्वी वजन शुक्रवारी व्हायचं. अध्यक्षांनी ते मंगळवारी आणलं. का, ते मी विचारलं नाही. दोन महिन्यांत चौदा मुलं रेषेच्या वर गेली. त्यांत मावशींची नात होती, सगळे तिला टाचणी म्हणत. तिची रेषा अठरा किलोची. मी माझ्या हाताने लिहिलं, १८.१. दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट बंद झालं.

तिसऱ्या आठवड्यात ती शाळेच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली. उजवं कोपर मोडलं. ते आता सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात तिचं वजन भरलं १७.२. मी नर्सला ते पुन्हा करायला लावलं.

त्या शुक्रवारी मी उरलेल्या तेरा जणांना काट्यावर चढवलं. प्रत्येक जण मंगळवारपेक्षा सहाशे ते आठशे ग्रॅमनी कमी. तीन दिवसांत तेराच्या तेरा मुलं अशी झडत नाहीत.

"मावशी, मंगळवारी पोरं काय खाऊन येतात?"

"खाऊन कुठली, ताई? पिऊन येतात. मंगळवारी टँकर असतो ना. आठवड्याची तहान. पोटाचे नगारे करून उभी राहतात रांगेत."

"मग मला बोलला का नाहीत?"

"साहेबांना बोलले की. म्हणाले, पाणीसुद्धा पोटातच जातं ना मावशी. मला वाटलं, शिकलेली माणसं, त्यांना ठाऊक असेल."

संस्थेत येण्याआधी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं मातीचा प्रत्येक नमुना आधी भट्टीत वाळवून मगच तोलला होता.

मी अध्यक्षांकडे गेले. ते अहवालाची छापील प्रत चाळत होते. 'चौदा मुले कुपोषणातून बाहेर', पहिल्याच पानावर.

"ताई, आकडा चांगला दिसला की चार माणसं पाठीशी उभी राहतात," ते म्हणाले. "शेवटी भलं पोरांचंच. आणि ती मुलगी मुळातच नाजूक. तुम्ही काटा सांभाळा."

वार्षिक सभा नऊ दिवसांवर होती. मी तिथेच आवाज चढवू शकले असते. चढवला नाही. बंद खोलीत दोघांतच वाद घालून मला हा माणूस नको होता. मला तो सगळ्यांसमोर हवा होता. नऊ दिवस मावशी स्वतःच्या जबाबदारीवर त्या तेरा जणांना गुपचूप एकेक डाव भात वाढत राहिल्या.

सभेला पालक, शिक्षक आणि संस्थेला धान्य पुरवणाऱ्या मंडळाच्या बाई आल्या होत्या. मी म्हटलं, काट्याचं प्रात्यक्षिक दाखवते. अध्यक्ष हसत पहिले चढले. ८१.२. आकडा फळ्यावर लिहिला. मग त्यांचं भाषण. उन्हाळ्यात ते बोलताना घोटाघोटाला पाणी पितात, हे मला माहीत होतं. मी अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या त्यांच्यासमोर ठेवल्या होत्या. चाळीस मिनिटांत दोन्ही रिकाम्या झाल्या.

"साहेब, परत एकदा चढता? काटा तपासायचाय."

८२.१. शंभर ग्रॅम घामात गेले असावेत. मी तोही आकडा लिहिला आणि लोकांकडे वळले.

"चाळीस मिनिटांत अध्यक्षांची तब्येत नऊशे ग्रॅमनी सुधारली. आमच्या नियमाप्रमाणे आता यांचं जेवण बंद."

मागच्या बाकांवर हशा पिकला. मंडळाच्या बाई हसल्या नाहीत. "मुलांचं वजन कधी करता?"

"टँकर येतो त्या दिवशी," मावशी दारातूनच म्हणाल्या. "साहेबांनीच ठरवलंय."

"हा काय पोरखेळ चालवलाय?" अध्यक्ष ओरडले.

"पोरांशीच खेळलात, साहेब," मी म्हटलं आणि टाचणीचे दोन्ही आकडे तारखांसकट फळ्यावर लिहिले. हशा थांबला. कुणीतरी म्हणालं, "ती पडली ती याच्यामुळे?" मी होकारार्थी मान हलवली. एवढ्यासाठीच मी नऊ दिवस थांबले होते.

बाईंनी तिथेच सांगितलं, उद्यापासून चौदाही ताटं सुरू आणि नवा अध्यक्ष, नाहीतर धान्य बंद. अध्यक्षांनी राजीनामा लिहिला तो माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनने.

आठवड्याने ते माझ्या घरी आले. दाढी वाढलेली. बाजारात लोक तोंड फिरवतात, म्हणाले.

"ताई, एकदा मला त्या मुलीकडे घेऊन चला. पाया पडून माफी मागतो. झोप लागत नाही हो."

ते खरं बोलत होते, हे मला दिसत होतं.

"नको," मी म्हटलं. "ती लहान आहे, लगेच माफ करेल. मग तुम्हाला झोप लागेल."

आणि मी दार लावून घेतलं.