खुर्च्यांच्या पाठीवरची धूळ

लॉकडाऊनमध्ये माझे तीन हप्ते चुकले, तर भुजंगरावानं माझं शिलाई मशीन उचलून नेलं. म्हणे, "बँक चालवायची तर कठोर व्हावं लागतं, रजनी." बँक आमच्याच शिंपी समाजाची, चेअरमन हा. लष्कर मोहल्ल्यात सगळ्यांदेखत मशीन टेम्पोत चढलं. तेव्हाच ठरवलं, याला चारचौघांत उघडा पाडीन तरच नावाची रजनी.

त्याच्या मेव्हण्याचं मंगल कार्यालय लॉकडाऊनपासून बंद. त्याला मात्र दर मार्चला नवं कर्ज! त्यातूनच जुन्याचे हप्ते भरायचे, की कागदावर सगळं चोख. अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक, पण बोलणार कोण? वार्षिक सभेला स्टीलचा डबा आणि बिसिबेळे भात मिळतो. हात वर करायचा आणि घरी जायचं.

तिसऱ्या वर्षी त्या शहाण्यानं खर्च वाचवायला सभा त्याच कार्यालयात ठेवली. विनाशकाले विपरीत बुद्धी!

"कठीण काळातही नफा बारा टक्के वाढला," भुजंगराव अहवाल वाचत होता. "हे कार्यालयसुद्धा जोरात चाललंय. थकबाकी शून्य." टाळ्या पडल्या.

मी उठले. शेजारच्या जानकीअक्कांनी पदर ओढला, "अय्यो, सुम्ने बस ग!" कसली गप्प बसतेय!

"मंडळी, जरा उठा आणि एकमेकांच्या पाठी बघा."

लोक उठले. खुर्च्यांच्या बैठका तेवढ्या पुसल्या होत्या, पाठी तशाच. प्रत्येक सदऱ्यावर, रेशमी पदरावर धुळीचे पट्टे.

"शिंपिणीची नजर आहे माझी," मी म्हटलं. "चालत्या कार्यालयात एवढी धूळ? मग हप्ते कुणाच्या पैशानं भरले, भुजंगराव?"

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी ओरडलं, "आमच्या ठेवी कुठंत?" भुजंगरावाच्या तोंडचं पाणी पळालं. काय गार वाटलं म्हणून सांगू! डोळे भरून बघून घेतलं.

तपासणी आली. नफा खोटा निघाला, त्याची खुर्ची गेली, घरावर नोटीस लागली. त्या दिवशी मी गल्लीत म्हैसूरपाक वाटला. दुसऱ्या दिवशी बँकेतून पैसे काढायला बंदी आली.

काल जानकीअक्का आल्या. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे तिथंच अडकलेत. मला वाटलं, शिव्या देतील. चाचपडत पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझं मशीन तरी मिळालं का ग?"

मशीन बँकेच्या गोदामात, सीलबंद. गल्लीभर म्हैसूरपाक वाटणारी मी, अक्कांना पाणीसुद्धा विचारू शकले नाही.