डब्यातली नोट तीनदा विकली गेली

रविवारी अकराच्या ठोक्याला टेलरमास्तरांच्या दुकानात कपडे शिवायला कोणी येत नसे. श्रीमंत व्हायला येत. कातरकामाच्या टेबलावर मास्तरांचा मोबाईल सुताच्या रिळांना टेकवून उभा केलेला असे आणि त्यासमोर पंधरा-वीस माणसं माना उंचावून, श्वास रोखून बसलेली असत. मागच्यांना काही दिसत नसे, पण त्यांची श्रद्धा पुढच्यांपेक्षा जास्त होती.

पडद्यावर मोलबाबा प्रकटत. जुन्या कागदी नोटा ऑनलाइन विकणारे बरेच असतील, पण नोटेचं पुढचं मोल आधीच सांगणारे हे एकटेच. बाबा डोळे मिटत, नोट कपाळाला लावत, थोडं थरथरत आणि म्हणत, "बोलतेय... चाळीस हजार म्हणतेय." आणि चमत्कार असा, की पुढच्या रविवारच्या आत बाबांच्याच संकेतस्थळावरच्या विक्रीनोंदीत तसली नोट बरोबर चाळीस हजारांना विकली गेलेली दिसे. एक पैसा इकडे नाही, एक पैसा तिकडे नाही. बाबांचं भाकीत आणि बाबांची वही यांचं इतकं जमे, की नवरा-बायकोचंसुद्धा जमत नाही.

भिंतीपलीकडच्या लॉन्ड्रीत मास्तरांची थोरली बहीण इस्त्री फिरवत हे सगळं ऐकत असे. गल्ली तिला मावशी म्हणे. चाळीस वर्षं तिनं लोकांचे कपडे त्यांच्या कॉलरमागच्या नंबरावरून ओळखले होते. आकडे तिला लहानपणापासून येत, अक्षरं मात्र बावन्नाव्या वर्षी शिकली. त्यामुळे वाचताना ती अजूनही प्रत्येक ओळीखालून बोट फिरवी. चटचट वाचणाऱ्यांना त्याचं हसू येई.

त्या रविवारी मात्र तिचं इस्त्रीत लक्ष नव्हतं. एक वाजता टेम्पो येणार होता आणि मास्तरांचं ओव्हरलॉक मशीन घेऊन जाणार होता. मास्तरांकडे एक नोट होती, सहा महिन्यांपूर्वी नऊ हजारांना घेतलेली. आता बाबांनी तिची जोडनोट काढली होती, साठ हजारांना. जोडी जमली की मोल चौपट, असं बाबांचं वचन होतं. मशीन विकलं की साठ हजार उभे राहत होते. मशीन गेलं की कापडाच्या कडा हातानं शिवाव्या लागणार होत्या आणि मास्तरांचे हात आताशा थरथरायला लागले होते.

मावशीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि ती भावाच्या दुकानात आली.

"अरे, ती नोट दाखव बरं."

"ताई, ती काढायची नसते," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "बाबांनी सांगितलंय. हवा लागली की मोल उतरतं."

"म्हणजे नऊ हजार दिलेस आणि सहा महिन्यांत तिचं तोंड पाहिलं नाहीस?"

पहिल्या रांगेतून निवृत्त हेडक्लार्क वळले. त्यांची हयात फायलींत गेली होती. त्यांनी मावशीला समजावलं, की इथे कोणी अडाणी बसलेलं नाही, सगळं लेखी आहे, तारीख आहे, रक्कम आहे, फोटो आहे. लेखी नोंदीवर अविश्वास दाखवायचा तर कचेऱ्या बंद कराव्या लागतील.

"लेखी म्हणजे कोणीतरी लिहिलेलंच ना, साहेब?" मावशी म्हणाली. "मी लिहायला शिकले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वहीत लिहिलं होतं की माझं वय तीस आहे. गुरुजींनी बरोबरची खूण केली. शुद्धलेखन बरोबर होतं."

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. हेडक्लार्क हसले नाहीत.

मावशीनं हेडक्लार्कांचाच मोबाईल मागून घेतला, विक्रीनोंदीचं पान उघडायला लावलं आणि फोटो बोटांनी मोठा केला. सगळे त्या पानावर रक्कम बघत असत. वरून खाली नऊ, अठरा, सत्तावीस, चाळीस. शिडी चढल्यासारखं वाटे. मावशीनं रक्कम पाहिलीच नाही. सवयीनं तिचं बोट नोटेच्या नंबरावर गेलं. पहिल्या विक्रीतला नंबर तिनं मोठ्यानं वाचला. मग दुसऱ्यातला. मग तिसऱ्यातला. चौथ्याला मागची एक बाईसुद्धा तिच्याबरोबर म्हणायला लागली, कारण तोवर पाठ झाला होता.

"चारही वेळा एकच नोट," मावशी म्हणाली.

हेडक्लार्क गडबडले, पण सावरले. एकच नोट चार हातांतून गेली असेल, प्रत्येकानं नफा घेऊन विकली असेल, यात आक्षेपार्ह काय, असं त्यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. मावशीनं मान हलवली आणि भावाकडे वळली.

"नऊ हजारांची विक्री कोणत्या तारखेची आहे रे?"

मास्तरांनी पाहिलं. तारीख त्यांच्या ओळखीची होती, त्यांनी नोट घेतली त्याच दिवसाची. ते उठले, बटणांच्या डब्यामागून पत्र्याचा डबा काढला, मखमलीचे तीन पदर उलगडले आणि नोट टेबलावर ठेवली. हवा लागली. मावशीनं नंबर वाचला आणि गल्लीतल्या पंधरा-वीस शहाण्या माणसांनी तो निमूट ऐकला. तोच होता.

"माझी नोट," मास्तर हळूच म्हणाले, "माझ्या डब्यात बसून तीनदा विकली गेली."

"आणि तुला चहासुद्धा नाही मिळाला," मावशी म्हणाली. "पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल, ते हेच. घेणाराही तोच, देणाराही तोच, आणि वही लिहिणाराही तोच. आता कळलं का काढायची नसते ते?"

मग तिनं नोट खिडकीच्या उजेडात धरली. बाबांच्या पानावर लिहिलं होतं, कोरी, चलनात कधीच न आलेली. मावशीला मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ दिसली, आणि कागदावर ती चकाकी, जी गरम इस्त्री दाबून फिरवली की येते. "घडी पडलेली होती. कोणीतरी झाकलीय," ती म्हणाली, "आणि इस्त्री जरा जास्तच तापली होती."

पडद्यावर बाबा थरथरतच होते. मास्तरांनी फोन लावला. कार्यक्रमात भक्तांचे फोन घेत असत आणि मास्तर जुने भक्त, त्यामुळे लगेच लागला. मास्तर अगदी नम्रपणे बोलले. म्हणाले, "बाबा, तुमच्या नोंदीप्रमाणे माझी नोट चाळीसची आहे. मला घाई आहे. तुम्हीच घ्या, वीसला देतो."

नोटांशी बोलणारे बाबा क्षणभर माणसाशी बोलायचं विसरले. मग म्हणाले, काळ अजून पिकलेला नाही. मास्तरांनी दहा म्हटलं. बाबा म्हणाले, व्यवहारानं तेज जातं. मास्तरांनी मूळ नऊ म्हटलं, तेव्हा फोन कटला आणि थोड्या वेळानं मास्तरांच्या मोबाईलवरून बाबाही अंतर्धान पावले. त्यांनी मास्तरांना ब्लॉक केलं होतं. व्यवहार म्हटल्यावर तेज गेलं खरं; इतकं अचूक भाकीत बाबांनी आयुष्यात केलं नसेल.

दुकान भराभर रिकामं झालं. सगळ्यांना एकाएकी घरची कामं आठवली, म्हणजे आपापले डबे उघडायचे होते. हेडक्लार्क मात्र बराच वेळ बसून राहिले. जाताना म्हणाले, आपल्याकडे अशा सात आहेत.

एक वाजता टेम्पो आला आणि रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी भाऊ-बहीण बाजारातल्या जुन्या नोटांच्या दुकानी गेले. म्हाताऱ्या दुकानदारानं नोट तिरकी धरली आणि म्हणाला, "इस्त्री केलीय. दोनशे. तेही तुम्ही जिना चढून आलात म्हणून." मग त्यानं न मागता दोन-तीन वेगवेगळ्या लिलावघरांच्या झालेल्या विक्र्या दाखवल्या. कोणी किती मागितलं हे तो विचारातच घेत नव्हता, कितीला गेली तेवढं बघत होता. प्रत्येक विक्रीत नंबर वेगळा होता, नोटेची अवस्था लिहिलेली होती, आणि भाव कधी चढलेला, कधी सपशेल पडलेला होता. खऱ्या वहीत पडझड असते, असं तो म्हणाला. नुसती चढत जाते ती शिडी, आणि तिच्या वरच्या टोकाला गिऱ्हाईक उभं असतं.

मास्तरांनी तक्रार नोंदवली. नऊ हजार परत आलेले नाहीत. हेडक्लार्कांनी सात नोटांची सात पानी तक्रार दिली. गल्लीतले दोघे-तिघे अजूनही म्हणतात, की नोटेला हवा लावली नसती तर बाबांनी काहीतरी केलं असतं.

ती नोट आता टेलरच्या दुकानात काचेखाली आहे. गिऱ्हाईक विचारतं, केवढ्याची? मास्तर मशीन थांबवत नाहीत. पलीकडून मावशीच उत्तर देते, आणि ते सगळ्यांसाठीच आहे. "भाव नंतर विचारा. आधी बघा, भाव कोणी लिहिला, विकत कोणी घेतली, आणि नंबर तोच तर नाही ना. आणि जी वस्तू डोळ्यांनी बघू नका असं सांगतात, ती पहिल्यांदा उजेडात धरा."